झाडं, पानं, फुलं काढायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कन्स्ट्रक्शन, लाइन वेट, टेक्स्चर)

झाडं काढायला नुकती सुरुवात केलेल्यांपासून ते बरीच वर्षं काढत असलेल्यांपर्यंत सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे, पण तुमचं जिथे अडलंय तिथूनच वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायचं टाळलंय, त्याऐवजी त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. कन्स्ट्रक्शन म्हणजे नक्की काय? मी तर समोर दिसतं तसंच काढते, त्यात चूक काय?

चूक काही नाही, पण दिसतं तसं काढताना बहुतेक वेळा आपण फक्त बाहेरच्या कडेवरून डोळा आणि पेन सरकवत जातो. कड बरोबर येतेही, पण पान जाड आहे का पातळ, आपल्याकडे झुकलंय का लांब चाललंय, हे त्या कडेतून कळत नाही. कन्स्ट्रक्शनमध्ये आधी सगळ्यात साधा प्रश्न सोडवायचा, हे पान कुठून निघालं आणि कुठे चाललंय, मग किती रुंद आहे, मग कड कशी आहे, आणि सगळ्यात शेवटी शिरा, लव, डाग वगैरे. नियम एकच, पुढच्या पायरीने मागच्या पायरीला खोटं पाडायचं नाही. मधली रेघ डावीकडे वळवली असेल तर पान डावीकडेच जाणार, नंतर फोटो बघून "अरे हे तर उजवीकडे होतं" म्हणून नुसती कड तिकडे ओढायची नाही. फोटोशी थोडं कमी जुळलं तरी चालेल पण चित्र स्वतःशी जुळलं पाहिजे, कारण बघणाऱ्यासमोर तुमचा फोटो नसतो, फक्त चित्र असतं. खालची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मला अजून धड गोल काढता येत नाही, आधी किती तयारी लागते?

दोनच गोष्टी पुरतात, न थरथरणारी वळणदार रेघ आणि लंबगोल. रेघ बोटांनी किंवा मनगटाने न ओढता खांद्यातून हात हलवून काढायची, आधी पेन कागदापासून जरा वर धरून तोच रस्ता दोन-तीनदा हवेत फिरवायचा आणि मग न थांबता एका दमात काढून टाकायची. लंबगोल काढताना पेन न उचलता दोन फेऱ्या मारा, एका फेरीत टोकं जुळवायच्या नादात आकार बिघडतो. हे पक्कं होईपर्यंत थांबू मात्र नका, पानं काढता काढताच हात बसतो.

३. पेनने का? पेन्सिल असेल तर खोडता तरी येईल ना?

खोडता येतं हीच शिकतानाची अडचण आहे. पेन्सिल हातात असली की आपण आधी काढतो आणि मग विचार करतो, पेन असलं की आधी विचार करावा लागतो. ०.५ मिमीचं एक फाइनलायनर (एकाच जाडीच्या बारीक टोकाचं पेन) आणि साधा प्रिंटरचा ८० जीएसएमचा कागद एवढ्यावर महिनोन्महिने सराव होतो. जाड-बारीक पेनांचा अख्खा सेट सुरुवातीला नको, कारण एकाच पेनने रेघ जाड कशी करायची हेच तर शिकायचंय (बघा १३). शिकून झाल्यावर पेन्सिल, ब्रश, काय हवं ते वापरा.

४. एक साधं पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं काढायचं?

जास्वंदीचं पान घेऊ, ते यासाठी फार छान आहे. आधी देठापासून टोकापर्यंत एकच वळणदार रेघ, ही मधल्या शिरेची. तिच्या टोकाला छोटा बाण काढायची सवय लावा, बाण काढला की हात आपोआप रेघ जोरात पुढे नेतो, घाबरत घाबरत टोकाशी थांबत नाही. दुसरी पायरी, दोन्ही बाजूंच्या कडा, प्रत्येक बाजू एकाच रेघेत, देठापाशी सुरू टोकापाशी संपली. इथे दाते वगैरे काही नाही, फक्त साधा फुगीर आकार. तिसरी पायरी, पानात कुठे लाट असेल तर ती या साध्या कडेपासून थोडी बाहेर जाऊन परत कडेला येऊन मिळते. मग दाते, आणि जास्वंदीचं पान हातात घेऊन बघा, देठाजवळचा भाग बऱ्यापैकी सपाट कडेचा असतो आणि दाते वरच्या भागात असतात, घाईत काढणारे सगळीकडे सारखे दाते काढत सुटतात. मग शिरा, यात मधल्या शिरेच्या बुडापासूनच बाजूला अजून दोन ठळक शिरा फुटलेल्या दिसतील, त्या आधी काढा आणि बारीक शिरा नंतर. टेक्स्चर हवं असेल तर अगदी शेवटी.

तिसऱ्या पायरीला तुम्हाला दुसरी पायरी चुकल्यासारखी वाटली तर थांबू नका, चुकलेल्या पायरीवरच प्रामाणिकपणे पुढचं काढा, शेजारी नवीन पान सुरू करा आणि दोन्हींची तुलना करा.

५. माझी सगळी पानं कागद कापून चिकटवल्यासारखी सपाट दिसतात. का?

नव्वद टक्के वेळा मधली रेघच सपाट असते. ती काढताना आपण "कागदावर डावीकडून उजवीकडे" असा विचार करतो, "कुंडीपासून माझ्या नाकाकडे" असा करत नाही. रेघ तीच असली तरी विचार बदलला की तिचं वळण बदलतं, आपल्याकडे येणारा भाग लांब आणि मोकळा होतो, लांब जाणारा भाग आखडतो. दुसरं कारण म्हणजे दोन्ही अर्धे सारखेच रुंद काढणं. पान जरा कलंडलं की आपल्याकडचा अर्धा भाग रुंद दिसतो आणि पलीकडचा अरुंद, कधीकधी तर पलीकडचा नुसती चिमटीएवढी पट्टी उरतो. ही पट्टी अरुंद काढायला मन धजत नाही कारण डोक्यात पान म्हणजे दोन सारखे अर्धे हे चित्र बसलेलं असतं. पट्टी दिसली तर पट्टीच काढा.

६. पान मध्येच वळलंय, खालची बाजू दिसतेय, तिथे सगळं गोंधळतं. ही घडी कशी काढायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर. आधी एक प्रयोग करा. कागदाची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापा, मधोमध लांबीच्या दिशेने एक रेघ मारा, एका बाजूला हलका रंग फासा म्हणजे वर-खाल ओळखू येईल. आता ती हातात धरून टोक पुढे वाकू द्या आणि एक डोळा मिटून बघा. मधली रेघ वर जाते, वळणाच्या माथ्यावर गायब होते आणि खाली उतरताना दुसऱ्या रंगाच्या बाजूवर असायला हवी पण तिथे आपण ती मारलेलीच नाही, म्हणजे तिची जागा तुम्हाला मनाने ठरवावी लागते. तेच पानात करायचं. मधली रेघ आधी पूर्ण काढायची, जणू पान काचेचं आहे, झाकलेला भागसुद्धा. मग दोन्ही कडा त्या रेघेसोबत आरपार न्यायच्या. पान पिळलेलं असेल, नुसतं वाकलेलं नसेल, तर दोन्ही कडा एका ठिकाणी एकमेकींना ओलांडतात, ओलांडल्यानंतर जी कड डावी होती ती उजवी झालेली असते.

घडीची कड, म्हणजे जिथे पान वळून दिसेनासं होतं ती, ही पानाची खरी कड नाही, म्हणून तिच्यावर दाते येत नाहीत. ही चूक मी स्वतः खूप काळ करत होते, सगळं बरोबर असूनही वळण पटत नव्हतं आणि कारण फक्त ते चार दाते होते. आणि खालच्या बाजूवर शिरा काढताना त्या उठावदार असतात हे लक्षात असू द्या (बघा ८).

७. दंतुर कड झिगझॅग काढून टाकली तर काय बिघडतं?

झिगझॅग एका ओघात काढला की हात तालात येतो, सगळे दाते सारखे होतात आणि मुख्य म्हणजे मूळ साध्या कडेशी त्यांचं नातं तुटतं. प्रत्येक दाता वेगळ्या छोट्या रेघेने, कडेतून निघून कडेलाच परत मिळेल असा काढा. बहुतेक करवतीसारख्या कडांचे दाते पानाच्या टोकाकडे झुकलेले असतात, एवढं पाळलं तरी पान लगेच खरं वाटायला लागतं.

८. शिरा किती आणि कशा काढायच्या? माझ्या शिरा माशाच्या काट्यासारख्या दिसतात.

काट्यासारख्या दिसतात कारण त्या सरळ असतात. पान जर खोलगट असेल तर मधल्या शिरेतून निघालेली बाजूची शीर आधी खाली उतरल्यासारखी आणि मग कडेकडे वर चढल्यासारखी वळते, शिवाय बहुतेक पानांत टोकाकडे झुकते. म्हणजे प्रत्येक शीर पानाचा उंचसखलपणा सांगते, त्यामुळे कन्स्ट्रक्शन चांगलं असेल तर पाच-सहा शिरा पुरतात आणि नसेल तर पन्नास काढूनही पान सपाटच राहतं.

काढायच्या आधी झाडाचा प्रकार बघा. गवत, बांबू, मका, लिली यांच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर जातात, जास्वंद, आंबा, वड, गुलाब यांच्यात जाळी असते. अजून एक गोष्ट, पानाच्या वरच्या बाजूला शिरा बहुधा खोल गेलेल्या असतात आणि खालच्या बाजूला वर आलेल्या, हात फिरवून बघा लगेच कळतं. म्हणून वरच्या बाजूला शीर म्हणजे छोटी घळ आणि खालच्या बाजूला दोरी, दोन्हींची सावली उलट बाजूला पडते.

९. फांदी म्हणजे दोन समांतर रेघाच ना? त्यात लंबगोल कशाला घालायचे?

फांदी आपल्याकडे येतेय का लांब जातेय हे दोन समांतर रेघा सांगू शकत नाहीत, लंबगोल सांगतात. मधून एक वळणदार रेघ, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर लंबगोल, प्रत्येक लंबगोलाचा छोटा अक्ष मधल्या रेघेच्या दिशेत. फांदी आडवी जात असेल तिथे लंबगोल चपटे, जवळजवळ रेघेसारखे, आणि आपल्याकडे तोंड करून येत असेल तिथे गोलाच्या जवळ जाणारे. मग कडा. एका लंबगोलापासून पुढच्या लंबगोलापर्यंत रेघ न्यायची आणि तिथेच न थांबता त्याच्या थोडं पुढे जाऊ द्यायची, पुढची रेघ पुन्हा त्या लंबगोलापासून सुरू करून आधीच्या रेघेच्या शेपटीवरूनच न्यायची. दोन रेघा अशा एकमेकींवर चढल्या की सांधा दिसत नाही. पेर (पान फुटतं ती जागा) किंवा गाठ असेल तिथे लंबगोल थोडा मोठा घ्या. अगदी बारीक देठांना एवढं करायची गरज नाही, सुरुवातीचा आणि शेवटचा लंबगोल मनात धरला तरी पुरे.

जाडीबद्दल एक उपयोगी हिशेब. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत नोंदवून ठेवलं होतं की एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. यात काटछेदाचं क्षेत्रफळ धरायचं, म्हणजे १० मिमी जाडीची फांदी दोन सारख्या फांद्यांत फुटली तर त्या प्रत्येकी ५ नव्हे, साधारण ७ मिमी येतात. अगदी काटेकोर नियम म्हणून नका धरू, पण नवीन लोक फाटा फुटला की फांद्या एकदम काडीसारख्या करतात तिथे याने डोळा ताळ्यावर येतो. आणि फाटा नसताना फांदी फारशी बारीक होत नाही.

१०. पानं फांदीवर कुठे बसवायची? मी अंदाजाने लावते आणि ती हवेत तरंगल्यासारखी वाटतात.

अंदाजाने लावू नका, प्रत्येक झाडाची पद्धत ठरलेली असते आणि ती दोन मिनिटांत शोधता येते. जास्वंदीत एका पेरावर एकच पान, पुढच्या पेरावर दुसऱ्या दिशेला. तुळस, पुदिना यांच्यात समोरासमोर दोन, आणि वरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात, शिवाय या दोघांचं खोड चौकोनी असतं त्यामुळे तिथे लंबगोलाऐवजी गोल कोपऱ्यांची चौकट घ्या. कण्हेरीत एका पेरावर बहुधा तीन पानं. बऱ्याच झाडांत पानं फांदीभोवती जिन्यासारखी फिरत वर जातात आणि दोन पानांमधला कोन साधारण १३७.५ अंशाच्या आसपास असतो, म्हणूनच वरून बघितलं तर पानं एकमेकांवर थेट बसलेली दिसत नाहीत.

याचा चित्रात अर्थ असा की काही पानं तुमच्याकडे येणार, काही पाठीमागे जाणार. नुसती डावी-उजवी काढली की वहीत दाबून वाळवलेल्या फांदीसारखं दिसतं. पेरावरचा लंबगोल काढलेला असेल तर देठ त्या लंबगोलाच्या कुठल्या बिंदूतून निघतोय ते ठरवा, पुढच्या बाजूने, मागच्या बाजूने, आणि देठ तिथे थोडा रुंद होऊन फांदीला धरतो तो भाग विसरू नका. तरंगण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तो सांधाच असतो.

११. गुलाब, कडुनिंब यांचं एक पान कुठलं आणि फांदी कुठली हेच कळत नाही.

कोंब शोधा. खरं पान जिथे फांदीला लागतं त्या बेचक्यात कोंब असतो, पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या बुडाशी नसतो. म्हणून गुलाबाच्या त्या पाच किंवा सात पर्णिका मिळून एकच पान. काढतानाही तसंच, आधी अख्ख्या पानाची एक मधली रेघ आणि भोवती एक हलका मोठा आकार, मग त्यात प्रत्येक पर्णिकेची आपापली छोटी रेघ, आणि मग प्रत्येक पर्णिका प्रश्न ४ प्रमाणे. मोठा आकार वळलेला असेल तर पर्णिकाही त्याच्यासोबत वळतात.

१२. फुलं कशी सुरू करायची? पाकळ्या मोजायच्या का?

हो, मोजाच, पण आधी नाही. आधी देठाची रेघ फुलाच्या आतपर्यंत वाढवा आणि तिच्यावर फुलाच्या तोंडाचा लंबगोल बसवा, पाकळ्यांची टोकं साधारण ज्या वर्तुळावर येतात ते. फुलाच्या मध्यातून निघालेली दिशा देठाशी जुळली की फूल देठावर बसतं, नाहीतर टाचणीने टोचल्यासारखं दिसतं. मग आकार बघा, घंटा, वाटी, नरसाळं, तबक. जास्वंदीच्या पाकळ्या खाली नरसाळ्यासारख्या एकत्र येतात, त्यामुळे प्रत्येक पाकळीची मधली रेघ त्या खोल बिंदूतून निघून वर येते आणि बाहेर वळते. पाकळी म्हणजे शेवटी पानच, त्यामुळे कडा, लाटा, घड्या सगळं ४ आणि ६ सारखं.

आता मोजणं. जास्वंदीला पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली, मधून लांब दांडी, तिच्या वरच्या भागावर पुंकेसर आणि अगदी टोकाला पाच गोल बोंडं. लिलीला सहा दिसतात पण त्या तीन आतल्या तीन बाहेरच्या असतात, म्हणून आधी एक त्रिकोणी मांडणी काढून मग मधल्या तीन काढल्या तर सोपं जातं. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीत बियांच्या रांगा दोन्ही दिशांना वळत जातात, अनेकदा एका दिशेला ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५, त्या सगळ्या काढायच्या नाहीत, पण दोन-चार वळणं हलकी आखून घेतली तर ठिपके वाट्टेल तसे पसरत नाहीत.

समोर खरं फूल असेल तर आधी फूल काढा आणि पानं नंतर, पानं थांबतात, फूल थांबत नाही.

१३. लाइन वेट कुठे द्यायचा? मी सगळ्या बाहेरच्या कडा जाड करते, बरोबर आहे का?

लाइन वेट म्हणजे रेघेची जाडी. सगळ्या जाड केल्या तर कुठलीच जाड नाही असं होतं, चित्र स्टिकरसारखं दिसतं. लाइन वेटचं मुख्य काम एकच, दोन गोष्टी एकमेकींवर येतात तिथे पुढची कुठली हे सांगणं. समजा एक पान दुसऱ्यावरून गेलंय. पुढच्या पानाची कड मागच्या पानावरून जाते तेवढ्याच तुकड्यावर रेघ जाड करा, आणि तो तुकडाही एकदम सुरू एकदम बंद असा नको, मागच्या पानाच्या थोडं आधीपासून हलकं सुरू होऊन मधोमध जाड आणि पुढे पुन्हा विरत जाणारा. पलीकडे उघड्या जागेत तीच कड बारीकच राहू द्या. मागच्या पानाची रेघ पुढच्याच्या कडेला येऊन मिळते तिथे एक टी सारखा सांधा होतो, झुपक्याच्या चित्रात फक्त हे सांधे नीट सांभाळले तरी गुंता सुटतो.

यानंतरचं काम म्हणजे उतरंड. बाहेरच्या कडा मध्यम, आतल्या घड्या त्याहून बारीक, शिरा सगळ्यात बारीक. ०.५ च्या पेनने बारीक रेघ येते, फक्त हात हलका आणि वेगात हवा. वेट नेहमी सगळं कन्स्ट्रक्शन झाल्यावर द्या, आधी दिला आणि मग कळलं की हे पान मागे आहे, तर परत फिरता येत नाही.

१४. वेट द्यायला गेले की रेघ केसाळ होते.

कारण जुन्या रेघेवरून हळूहळू, तिला गिरवत जाताय. ती नवीन रेघ आहे असं समजा, हवेत फिरवा (बघा २) आणि पहिल्या वेळेच्याच वेगाने काढा. दोन-तीन वेळा गेलात तरी पुरतं. थोडी बाजूला गेली तर जाऊ दे, थरथरलेल्या रेघेपेक्षा निसटलेली रेघ कधीही बरी.

१५. टेक्स्चर म्हणजे किती बारकावे भरायचे? माझं चित्र टेक्स्चर घातलं की काळंमिट्ट होतं.

टेक्स्चर म्हणजे छोट्या उंचवट्यांच्या सावल्या. हे एकदा मनात बसलं की बाकी सोपं आहे. खोडाची साल बघून आपण प्रत्येक भेगेची बाह्यरेषा काढतो आणि मग ती रेघांची जाळी होते. त्याऐवजी सालीचा प्रत्येक तुकडा उचललेला आहे, त्याच्या एका बाजूला शेजारच्या तुकड्यावर सावली पडते, तर ती सावली काढा, छोटासा काळा आकार म्हणून. उजेडाच्या बाजूला या सावल्या बारीक होत होत नाहीशा होतात, अंधाराच्या बाजूला मोठ्या होऊन एकमेकींत मिसळतात. मधला पट्टाच फक्त टेक्स्चर सांगतो, तेवढ्यावर मेहनत घ्या आणि उजेडाची बाजू कोरी सोडायची हिंमत ठेवा.

अख्ख्या झाडावर लावायच्या आधी बाजूला ५ सेंमीच्या चौकोनात सराव करा, डाव्या कडेला पूर्ण काळं, उजव्या कडेला पूर्ण पांढरं आणि मध्ये त्या पृष्ठभागाने हा प्रवास कसा केला ते. लवदार पानाला कडेवर आणि सावलीत थोडे केस पुरतात, गुळगुळीत पानाला तर टेक्स्चर म्हणजे फक्त चकाकीभोवतीचा ठळक काळा आकार. आणि फॉर्म, म्हणजे वस्तूचा भरीव आकार, पटत नसेल तर टेक्स्चर लावू नका, त्याने चूक झाकली जात नाही.

१६. पानावर पांढरे-पिवळे पट्टे आहेत, मनीप्लांट किंवा क्रोटनसारखे. ते काढायचे का?

सरावात नाही. सगळं झाड एकाच राखाडी रंगात बुडवून काढलंय असं समजा, मग जे उरेल ते फॉर्म आणि टेक्स्चर. रंगाचे पट्टे काळे भरले की ते सावलीसारखे वाचले जातात आणि पान भलतीकडेच वळलेलं वाटतं. शेडिंगच्या तिरप्या रेघांचंही तेच, घाईत मारलेलं हॅचिंग पृष्ठभाग सपाट करतं.

१७. मॉन्स्टेराची भोकं आणि केळीचं फाटलेलं पान, यात कड कुठे काढायची?

आधी अख्खं, न फाटलेलं पान, मग त्यातून तुकडे काढा. मॉन्स्टेरात कडेच्या फटी बाजूच्या शिरांच्या मधल्या जागेत असतात, म्हणून शिरांची दिशा आधी हलकी आखा. केळीचं पान नेहमी बाजूच्या शिरांच्या समांतर फाटतं, आणि फाटलेली प्रत्येक पट्टी आपापली झुकायला मोकळी होते, कुठली लोंबते, कुठली वळते. तेव्हा प्रत्येक पट्टीला स्वतःची मधली रेघ द्या आणि तिचं लहान पान समजून काढा. भोकाच्या आतून मागचं काही दिसत असेल तर भोकाच्या कडेला थोडा लाइन वेट.

१८. निवडुंगाचे काटे शेवटी हवे तिथे टाकले तर चालतील?

नाही चालणार, काटेच तर निवडुंगाची गोलाई सांगतात. आधी गोळा किंवा दंडगोल, मग पृथ्वीगोलावरच्या रेखांशांसारख्या उभ्या कडा माथ्यावर एकत्र येणाऱ्या, मग त्या कडांवर ठराविक अंतराने छोट्या गाद्या, आणि काटे त्या गादीतूनच झुपक्याने निघतात. गोळ्याच्या बाहेरच्या कडेला गाद्या जवळ जवळ दिसतात, समोर लांब लांब. आपल्याकडे थेट येणारे काटे नुसते ठिपके असतात.

एक अपवाद, निवडुंगासारखी दिसणारी बरीच झाडं प्रत्यक्षात युफोर्बिया, म्हणजे वेगळ्याच कुळातली, असतात, खरवडलं की पांढरा चीक येतो (तो डोळ्याला आणि त्वचेला त्रास देतो, हात लावू नका). त्यांना अशी गादी नसते आणि काटे बहुधा जोडीने येतात, तेव्हा झुपके काढले तर चूक होईल.

१९. दाट झाड, गवत, झुडूप, सगळी पानं काढायची का?

मोठ्या झाडाची नाही. पानांचे घोळके बघा, प्रत्येक घोळका म्हणजे एक गोळा, त्याला उजेडाची आणि सावलीची बाजू आहे. मग सावली आणि उजेड जिथे भेटतात तिथे आणि बाहेरच्या कडेला मोजकी पानं, बाकी कोरं.

गवताचं वेगळं आहे, तिथे पातं न् पातं काढता येतं आणि काढून बघावं. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ मध्ये गवताचा एक साधा तुकडा जलरंगात काढला, तो आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, त्याचं चित्र मिळालं तर मोठं करून बघा. एवढ्या गर्दीतही प्रत्येक पातं कुठून निघालंय हे मातीपर्यंत शोधता येतं. सरावात हीच कसोटी लावा, झाकलं गेलेलं असलं तरी प्रत्येक पात्याची रेघ मुळापर्यंत काढा.

२०. फोटोवरून काढावं की समोर बघून?

दोन्ही, पण घडी आणि सांधे समजायला समोरचं झाड हवं कारण मान हलवून पलीकडे काय आहे ते बघता येतं. मोबाईलने अगदी जवळून फोटो काढला की पुढचं पान अवाढव्य आणि मागचं झाड चिमुकलं येतं, म्हणून जरा लांब उभं राहून झूम करा. फ्लॅश टाळा, त्याने सावल्या मरतात.

२१. कन्स्ट्रक्शनच्या रेघा शेवटी दिसतात, त्या लपवायच्या?

सरावाच्या कागदावर लपवू नका आणि मुद्दाम पुसट काढायचा प्रयत्नही करू नका, पुसट काढायच्या नादात रेघ भित्री होते. लाइन वेट दिल्यावर त्या आपोआप मागे जातात. नीटनेटकं चित्र हवं असेल तर वरून पातळ कागद ठेवून उतरवून घ्या.

२२. बॉटनिकल इलस्ट्रेशन (वनस्पतींची शास्त्रीय चित्रं) म्हणजे हेच का?

पाया हाच, हेतू वेगळा. तिथे झाड ओळखता आलं पाहिजे, त्यामुळे मापं घेतात, मोजणी चुकवत नाहीत, उजेड परंपरेने वर डावीकडून धरतात, आणि स्वतःशी जुळलं की चालेल ही प्रश्न १ मधली सूट तिथे मिळत नाही. शाईच्या कामात सावलीसाठी बारीक ठिपके खूप वापरले जातात.

२३. पूर्ण वाळलेलं, चुरगळलेलं पान काढायचंय. त्यात मधली रेघच सापडत नाही, मग सुरुवात कुठून?

सापडते, फक्त तुटक दिसते. देठ धरा आणि तिथून मधली शीर शोधत जा, वाळताना पानाचा पातळ भाग आक्रसतो पण मधली शीर बरीचशी टिकते, म्हणून पान बहुतेक वेळा तिच्याभोवती होडीसारखं आत वळतं. ती रेघ झाकलेल्या भागांसकट काढा. नंतर मात्र इथे पद्धत बदलायची, कडेचा एक फुगीर आकार काढून उपयोग नाही. बाजूच्या दोन शिरांमधला प्रत्येक भाग वेगळा समजा, कारण पान त्या शिरांवरच दुमडतं, आणि प्रत्येक भागाला त्याची दिशा द्या, हा आत, हा बाहेर, हा उभा. कड या भागांच्या टोकांवरून सगळ्यात शेवटी जाते, ठिकठिकाणी तुटत, आणि आत वळलेल्या गुंडाळीच्या पोटात सरळ पूर्ण काळं भरा, तिथे शिरा शोधत बसू नका. मी एक असं पान टेबलावर ठेवून आठवडाभर रोज काढलं, दर दिवशी ते अजून थोडं वळलेलं असायचं आणि पाचव्या दिवशी देठाजवळची घडी उघडून खालची जाळी दिसायला लागली, म्हणून पहिल्याच दिवशी काढायला बसा आणि कागदावर तारीख टाका.